15 वर्षांची वॅगन आर पासिंगला नेली: काय चाललं, काय अडलं (सोलापूर)

कंबरतलाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांब होणाराय, चहा घेऊन बसा.

अप्पांनी 2010 च्या ऑगस्टात वॅगन आर घेतली. नवीन के-सिरीज इंजिन, 998 सीसी, तीन सिलिंडर. तेव्हा ते जिल्हा परिषदेत नोकरीला होते. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक दोन उन्हाळे काढू दिलं नाही, पाठीला चिकटून चिकटून आम्हाला घामोळं आलं. पेट्रोल टाकलं की वहीत नोंद, ती सवय आजही आहे. मीटरवर आता 1,12,000. त्यातलं निम्मं तरी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि बहिणीचं सासर विजापूर.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते हे माहीत सगळ्यांना असतं, पण आरसीवरची तारीख कोण बघतंय? मी बघितली ती जूनमध्ये, विम्याचा कागद शोधताना. मग धावपळ. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज घेतात. परिवहनच्या साइटवर फॉर्म 25 भरला, फी 5000, पर्यावरण कर वेगळा. नवीन नंबरप्लेट (एचएसआरपी) आधीच बसवली होती म्हणून बरं, ती नसेल तर पुढचं काम हलत नाही. चारचाकीला 745 अधिक जीएसटी पडतो.

आता मुख्य गोष्ट. अप्पांनी पासिंगच्या आधी आठ दिवस गाडी गॅरेजला टाकली. प्लग नवे, इंजेक्टर साफ, ऑइल, फिल्टर, थ्रॉटल बॉडी. 9,400 रुपये. इंजिन असं गुणगुणायला लागलं की सिग्नलला बंद पडली की काय वाटावं. अप्पा म्हणाले, "बघ, साहेब नुसता आवाज ऐकूनच सही करतोय."

आरटीओच्या साहेबांनी आवाज ऐकलाच नाही. बॉनेट उघडलं ते चेसिस नंबरसाठी, फडक्यानं पुसून पेन्सिल घासून कागदावर छाप घेतली, बॉनेट खाली. मग:

लाइट लावा. उजवा हेडलाइट पिवळा पडलेला, उजेड मेणबत्तीएवढा, तोही रस्त्यावर नाही, लिंबाच्या शेंड्यावर. ब्रेक दाबा. मागचा डावा दिवा बंद. वायपर चालवा. काचेवर पाणी मारलं तर रबरानं पाणी पुसलं नाही, पसरवलं. मागच्या काचांवर 2011 मध्ये लावलेली काळी फिल्म. आणि शेवटी हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडायला लावला. गाडी अप्पांना घेऊन आरामात पुढं चालती झाली.

नापास. इंजिनाबद्दल एक अक्षर नाही. अप्पा परत येताना आसरा चौकापर्यंत काही बोललेच नाहीत.

सहा दिवसांनी परत नेली, पास झाली. दुसऱ्या खेपेचा खर्च 2,150, त्यातही बल्ब 20 रुपयांचा.

आता माझा प्रश्न. पुढची तपासणी 2030 ला. तोवर पीयूसी सोडलं तर या गाडीकडं कायद्यानं कुणीच बघणार नाही. हँडब्रेक किती वर्षं मेलेला होता देव जाणे, आणि आम्ही त्याच गाडीत लेकरं घेऊन तुळजापूरचा घाट चढत होतो. तुम्ही लोक दरवर्षी स्वतःहून काही तपासता का? काय तपासता? कुणाकडून?

रेल्वेलाइन्स · #2

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, सरकारचा नियमच आहे ना? का एवढा खर्च करायलाव.

उद्यम_नव्हे_उद्योग · #3

नाही ओ, हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान आहे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, महामंडळांच्या बसा वगैरे त्यात आल्या. दिल्लीकडं 10 वर्षं डिझेल, 15 वर्षं पेट्रोल हा वेगळा झमेला आहे, तो तिकडच्या हवेमुळं आणि कोर्टाच्या आदेशामुळं. आपल्याकडं खासगी गाडी तपासणीत पास होते तोवर 5-5 वर्षांनी नूतनीकरण करून चालवता येते. भंगारात घालायची तर ती आपली मर्जी, नोंदणीकृत केंद्रात घातली तर नवीन गाडीच्या करात सूटही मिळते.

रेल्वेलाइन्स · #4

बरं बाबा. आमच्या साडूनं तर 13 वर्षांची झेन घाबरून 40,000 ला देऊन टाकली.

चौदाचापाना · #5

मी गॅरेजवाला, सोलापुरातच, 22 वर्षं. धागा वाचून हसायला आलं आणि वाईटबी वाटलं. पासिंगच्या आधी दहातले आठ जण हेच करतात. इंजिनावर खर्च. इंजिन कुठं पळून चाललंय? या वयाच्या पेट्रोल गाडीचं इंजिन ऑइल वेळेवर बदललं तर दोन लाख किलोमीटर हसत जातंय.

एक लक्षात ठेवा. आपल्याकडं गाडी गंजत नाही, वाळती. माझ्याकडं रत्नागिरीची एक गाडी आलती, वरून नवरीसारखी, लिफ्टवर घेतली तर पाय ठेवायच्या पत्र्यातून माझा पेचकस आरपार गेला. सोलापूरची 20 वर्षांची गाडी वर घ्या, पत्रा खणखणीत. पण रबर? एप्रिल-मेच्या उन्हात रोज आठ तास उभी असती गाडी. रबराचा पार पापड होतोय.

म्हणून जुन्या गाडीचं मी पहिल्यांदा रबर बघतो. कुठं कुठं ते सांगतो.

ड्राइव्ह शाफ्टचं (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचं) बूट. पुढचं चाक पूर्ण वळवा, मागून हात घाला, ती काळी घडीघडीची पिशवी असती. घड्या बोटानं फाकवून बघा. वरून चांगली दिसती, चिरा घडीच्या आत असतात. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसची एक रेघ गोल फिरलेली दिसली तर समजा फाटलं. बूट स्वस्त आहे. फाटक्या बुटानं दोन महिने चालवली, आत आपली काळी माती गेली, तर आख्खा जॉइंट. मग गाडी वळवताना टक टक टक, तेव्हा लोकं येतात माझ्याकडं.

ब्रेकचा होज पाइप. चाकाजवळचा तो रबरी. बोटानं वाकवून बघा, केसाएवढ्या चिरा दिसल्या तर बदला, विचार नको. ब्रेक ऑइलपण. ते हवेतलं पाणी ओढतंय, दोन वर्षांनी बदलायचं असतंय. 2010 चं ब्रेक ऑइल 2025 ला काढलेलं आहे मी, रंग चहासारखा नव्हता, काढ्यासारखा होता.

लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, शॉकअपची वरची रबरं. गाडी गतिरोधकावरून घेताना खालून कण्हती ती हीच.

टायर. कंबरतलाव साहेबांनी टायरचं लिहिलं नाही, मला तिथंच शंका आली. नक्षी बघून सांगू नका चांगलेत म्हणून. घरची गाडी वर्षाला सात-आठ हजार चालती, नक्षी झिजतच नाही. टायरच्या कडेला चार आकडे बघा. 1419 असेल तर 2019 सालचा चौदावा आठवडा. आणि त्याच कडेला उन्हानं नदीच्या कोरड्या पात्रासारख्या भेगा पडल्यात का बघा. नक्षीची कायद्यानं हद्द 1.6 मिमी, खाचेत बारकी उंच पट्टी असती, नक्षी तिच्या बरोबरीला आली की संपला. पण सोलापुरात टायर नक्षीनं मरत नाही, वयानं मरतोय. पुण्याच्या रस्त्यावर दुपारी दोनला 100 च्या स्पीडनं फुटला की मग कळतंय.

आता हँडब्रेक. सोलापूर सपाट. हँडब्रेक ओढतंय कोण? लोकं गिअरमध्ये टाकून उतरतात. वर्षानुवर्षं न ओढल्यानं केबल आत जाम होती, ड्रममध्ये धूळ बसून तो आपोआप ॲडजस्ट व्हायचा खटका अडकतो. रोज ओढा. वापरल्यानंच तो जिवंत राहतोय.

हेडलाइट पिवळा पडतोय कारण तो काच नाही, प्लॅस्टिक आहे. टूथपेस्ट घासून 15 दिवस चकाकतो. नीट करायचा तर 1000 चा, मग 2000 चा पाणीपेपर, मग रबिंग कंपाउंड, आणि वर क्लिअर कोट. कोट नाही मारला तर मेपर्यंत परत हळद.

पाण्याचं राहिलं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. नळाच्या तोटीवर जो पांढरा थर जमतोय तोच आत जमतोय. गाडी गरम व्हायला लागली की लोकं थर्मोस्टॅट काढून टाकतात, रोग तिथं नसतोय.

निवृत्तगुरुजी · #6

चौदाचापाना, फार उपयुक्त लिहिलेत. आमच्याकडे 2003 ची मारुती 800 आहे. 2018 साली नूतनीकरण केले तेव्हा फी 600 रुपये होती. 2023 साली 5000 झालेली (ती वाढ एप्रिल 2022 पासूनची), आणि पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर 3000. आता ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरील मोटारीला 10,000 केले आहेत, म्हणजे 2028 साली आमची पाळी. सौ. म्हणतात, गाडीच्या किमतीपेक्षा फीच जास्त. मी म्हणतो, पेन्शनरचे तसेच असते.

पीयूसीबद्दल एक प्रश्न. आमच्या गाडीला सहा महिन्यांचे पीयूसी मिळते, शेजाऱ्यांच्या 2012 च्या गाडीला वर्षाचे. असे का?

मापात_पाप_नको · #7

गुरुजी, बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराच्या नियमांचे टप्पे. बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना वर्षाचं, त्याआधीच्यांना सहा महिन्यांचं. तुमची 2003 ची तर बीएस-2 च्याही आधीची, म्हणून तुम्हाला मर्यादासुद्धा सैल आहे: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 3 टक्के. बीएस-2 आणि बीएस-3 ला 0.5 टक्के. बीएस-4 पेट्रोलला 0.3 टक्के, हायड्रोकार्बन 200 पीपीएम.

हैद्राबादरोड · #8

धागाकर्त्याची गाडी 2010 ची. बीएस-4 देशभर 2017 ला आलं. म्हणजे ती बीएस-3, 0.5 टक्के आणि सहा महिने. उगाच लोकांना घाबरवू नका.

मापात_पाप_नको · #9

घाबरवत नाही. देशभर 1 एप्रिल 2017. पण 1 एप्रिल 2010 ला ते आधी निवडक शहरांत आलं: दिल्ली परिसर, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, सुरत, कानपूर, लखनौ, आग्रा, जमशेदपूर, आणि नीट वाचा, सोलापूर. आपलं गाव त्या यादीत होतं. त्यामुळं ऑगस्ट 2010 ला सोलापुरात नोंदवलेली गाडी बीएस-4 असणार, आणि त्याच महिन्यात शेजारच्या जिल्ह्यात नोंदवलेली बीएस-3 असू शकते. जुनी गाडी घेताना कुणी "धाराशिव पासिंग आहे, एमएच-25" म्हणालं तर हेही बघून घ्या.

हैद्राबादरोड · #10

सोलापूर आणि मुंबई-दिल्लीच्या यादीत? आजपर्यंत कुठल्या यादीत वर आलो नव्हतो आपण. चूक मान्य. चादर पांघरून झोपतो.

कंबरतलाव · #11

आत्ता पीयूसीची पावती काढून बघितली. बीएस-4 लिहिलंय. आणि गंमत म्हणजे पासिंगच्या आधी एकदा पीयूसी फेल झालं होतं, सीओ 0.41. तासाभरानं परत नेली तर 0.08. अप्पांना वाटलं मशीनच खोटं. म्हणजे 0.5 ची मर्यादा असती तर आधीच पास होतो!

मापात_पाप_नको · #12

मशीन खोटं नाही, गाडी थंड होती. तुमच्या घरापासून सेंटर किती लांब?

कंबरतलाव · #13

एक किलोमीटरही नाही. सकाळी उठून थेट गेलो होतो, गर्दी नको म्हणून.

मापात_पाप_नको · #14

तेच. सायलेन्सरमधलं कॅटकॉन (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तापल्याशिवाय काम करत नाही, आतलं तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढं जावं लागतं. थंड इंजिन पेट्रोलही जास्त पितं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, इंजिन बंद न करता रांगेत उभं राहायचं. बीएस-4 ला आणखी एक चाचणी आहे, 2500 च्या आसपास आरपीएमला धरून सीओ 0.2 च्या आत आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) 0.97 ते 1.03. सायलेन्सरच्या जोडात कुठं फट असेल तर बाहेरची हवा ओढली जाते आणि लॅम्बडा बिघडतो. लोक मग ऑक्सिजन सेन्सर बदलत बसतात, जिथं गॅस्केट गेलेलं असतं.

आणि हे कुणाला लागलं तर लागो: जिथं नळी सायलेन्सरमध्ये न घालताच कागद हातात देतात तिथं जाऊ नका. 0.41 आलं ही तुम्हाला मिळालेली माहिती होती.

तवेरावाला · #15

आमचं दुःख ऐका. टुरिस्ट परमिटची तवेरा, पांढरी-पिवळी प्लेट नव्हे, पूर्ण पिवळी. व्यवसायाच्या गाडीला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग.

अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर-गाणगापूर अशी देवाची ट्रिप असती आमची, महिन्याला पाच-सहा हजार किलोमीटर. पण खरं सांगू का, दरवर्षीच्या या कटकटीमुळंच गाडी नीट राहिली. वर्षातून एकदा हँडब्रेक, लाइट, हॉर्न, वायपर, रेडियम पट्टी, स्पीड गव्हर्नर, आग विझवायचं नळकांडं, औषधपेटी सगळं हलवून बघावंच लागतं. घरची अल्टो मात्र दारात पडून. तिचं बघायची वेळ येत नाही. कालच धागा वाचून टायरचा आकडा बघितला. 3216. नऊ वर्षं! मी, जो लोकांना घेऊन घाटात जातोय, माझ्याच बायकोला नऊ वर्षांच्या टायरवर भाजीला पाठवत होतो.

टिकेकरवाडी · #16

फिल्मचं कुणीतरी सांगा ना. सासूबाईंना ऊन अजिबात सोसत नाही, मे महिन्यात बाराला गाडीत बसलं की सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं. हलकीशी फिल्मपण चालत नाही का?

उद्यम_नव्हे_उद्योग · #17

ताई, नियमात पुढची-मागची काच 70 टक्के आणि बाजूच्या 50 टक्के पारदर्शक हव्यात, पण तो आकडा काचेचा आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वरून चिकटवायच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. दुकानदार "50 टक्केवाली आहे, चालते" म्हणतो, पासिंगला चालत नाही. हे धागाकर्त्याच्या मागच्या काचांनी सिद्ध केलंच आहे.

कंबरतलाव · #18

फिल्म काढताना काय झालं सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. नखानं काढायला गेलो तर वरचा थर आला, डिंक काचेवर. मग बायकोचा हेअर ड्रायर, कोपऱ्यापासून गरम करत हळूहळू. चौदा वर्षांचा डिंक, तासभर लागला एका काचेला. मागच्या काचेत गरम होणाऱ्या तारा असतील तर ब्लेड लावू नका. अप्पा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. शेवटची काच साफ झाली आणि म्हणाले, "गाडीतून एवढं दिसतंय व्हय!" चौदा वर्षं रिव्हर्स घेताना ते आईला खाली उतरवायचे.

लेस्टरची_कडक_भाकरी · #19

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या मुक्काम इंग्लंड. इथली पद्धत लिहितो, तुलनेला बरी.

इथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी, खासगी गाडीलाही. 1960 मध्ये सुरू झाली तेव्हा दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, 1967 पासून तीन वर्षांवर आणली. जास्तीत जास्त फी 54.85 पौंड. ती सरकारी मैदानावर होत नाही, परवाना दिलेल्या साध्या गॅरेजातच होते, पण निकाल त्याच क्षणी सरकारी संगणकात.

माझी 2007 ची यारिस. दरवर्षी पोटात गोळा येतो. इथला शत्रू ऊन नाही, मीठ. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते गाडीचं पोट खातं. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथं बसवलंय त्याच्या 30 सेंटीमीटरच्या आत पत्रा सडलेला मिळाला की नापास. इंजिन माझंही ठणठणीत, दोनदा नापास झालो ते एकदा तुटलेल्या स्प्रिंगवर आणि एकदा गंजलेल्या ब्रेक पाइपवर. चौदाचापाना यांचं 'वाळती' वाचून खूप वेळ हसलो. इथं भिजते.

मला आवडलेली गोष्ट वेगळीच. निकाल नुसता पास-नापास नसतो. दोष धोकादायक, मोठा, किरकोळ असे वेगळे लिहितात, आणि त्याखाली एक यादी: आज पास केलंय, पण यावर नजर ठेवा. 'पुढचा डावा टायर कडेला झिजतोय.' 'मागच्या शॉकअपला हलकं ऑइल.' पुढच्या वर्षी मी ती यादी घेऊनच गॅरेजात जातो. आणि गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनचा हा सगळा इतिहास कुणालाही फुकट दिसतो, त्या-त्या वेळच्या मीटर रीडिंगसकट. जुनी गाडी विकणाऱ्याला मीटर मागं फिरवता येत नाही.

बाकी सगळं छान आहे असं नाही. 40 वर्षांवरच्या गाड्यांना सूट आहे, म्हणजे सगळ्यात म्हाताऱ्यालाच डॉक्टर नको.

चौदाचापाना · #20

ती 'नजर ठेवा' यादी भारी आहे. गिऱ्हाईकाला आम्ही तोंडी सांगतो, "साहेब, पुढच्या सर्व्हिसला बुश बघू." पुढच्या सर्व्हिसला साहेब दुसऱ्या गॅरेजला असतात.

विजापूरवेस · #21

कागदाचं एक सांगतो, गाडीपेक्षा मी कागदावर जास्त अडकलो. माझ्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज 2014 ला फिटलं, बँकेचं ना-हरकत घरात पडून होतं, पण फॉर्म 35 देऊन आरसीवरून बोजा उतरवायचा राहून गेला. अकरा वर्षांनी नव्यानं पत्र मागायला गेलो तर जुनी शाखाच दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. तीन आठवडे गेले. मुदत उलटली तर मोटारीला महिन्याला 500 जादा लागतात, ते वेगळेच. आणि एका एजंटानं "पासिंगला गाडी न्यायचीच गरज नाही, फोटोवर होतं" म्हणून 12,000 मागितले. नाही दिले.

निवृत्तगुरुजी · #22

न देऊन उत्तम केलेत. फोटोत हँडब्रेक दिसत नाही.

रेल्वेलाइन्स · #23

गुरुजी फॉर्मात.

पण दरवर्षी सगळं तपासायचं म्हणजे खर्च किती धरायचा? माझी 2012 ची सँट्रो आहे, 2027 ला नंबर लागणार.

चौदाचापाना · #24

नुसतं बघायला काय लागतंय? लिफ्टवर घेऊन अर्धा तास. ओळखीचा मिस्त्री चहावर करतोय, नाहीतर चार-पाचशे. दुरुस्ती निघाली तर ती वेगळी. दोन वेळा करा म्हणतो मी, एकदा गड्ड्याची यात्रा झाली की, म्हणजे ऊन सुरू व्हायच्या आत रबर, कूलंट, टायर. आणि एकदा मृगाच्या आधी वायपर, लाइट, ब्रेक. वायपरचं रबर उन्हाळ्यात जळतंय, म्हणून ते जानेवारीत बदलू नका, जूनमध्ये बदला. मेमध्ये वायपर काचेवरून उचलून उभे ठेवा.

कंबरतलाव · #25

सगळ्यांचे आभार. काल रविवारी काय केलं ते लिहितो.

गाडी चौदाचापाना म्हणाले तशी वर घेतली (त्यांच्याकडं नव्हे, घराजवळच्या मिस्त्रीकडं, राग मानू नका). डाव्या शाफ्टचं बूट, घडीच्या आत चीर, अजून ग्रीस बाहेर आलेलं नाही. ब्रेकचा होज चांगला. टायरचे आकडे: पुढचे दोन्ही 0821, मागचे 4717, आणि स्टेपनी 2210. म्हणजे कारखान्यातून आली तीच. पंधरा वर्षं एकदाही रस्त्याला लागलेली नाही, नक्षीवरचे रबराचे केस अजून शाबूत, आणि कडेला नख रुतेल एवढ्या भेगा. अप्पा म्हणत होते, "नवीन आहे की." मिस्त्रीनं हवा भरली तर आवाज न करता एका भेगेतून बुडबुडा वर आला, त्यानं थुंकी लावून दाखवला.

अप्पांनी पेट्रोलची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून नवीन हिशेब सुरू केलाय. वर मोठ्या अक्षरात 'नजर ठेवणे' (लेस्टरकर, तुमचं नाव घेतलं). खाली:

डावे बूट – दिवाळीआधी.
मागचे टायर दोन – लगेच. स्टेपनी – त्यातलाच बरा.
ब्रेक ऑइल – शेवटचे कधी, नोंद नाही.
उजवा हेडलाइट – कोट मारला. मे मध्ये बघणे.
हँडब्रेक – रोज ओढणे.

शेवटच्या ओळीपुढं त्यांनी आईचं नाव लिहिलंय. आठवण करायचं काम तिचं.

टिकेकरवाडी · #26

स्टेपनी कधी बघितलीच नाही मी. जाऊन आले. 3913.

तवेरावाला · #27

ताई, त्यात हवा आहे का ते बघा आधी.

टिकेकरवाडी · #28

नव्हती.